बटण दाबलं की चहा

राहीबाईनं हंबीररावांना पहिल्यांदा पाहिलं ते फक्त गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या वरचे हंबीरराव माळ्यावर होते.

साठ सालच्या उन्हाळ्यात हा पलटणीतला गडी महिन्याच्या रजेवर आला आणि खंडाळ्याजवळच्या तिच्या वाडीत मुलगी बघायला म्हणून निघाला. त्या दिवसाची हकिगत राहीबाई पुढे जन्मभर सांगायची, आणि दर वेळी ती हकिगत थोडी अंग धरायची. आधी म्हणे वेशीतून मिशी आत आली. मिशीमागून पाऊण तासानं बूट आले. बुटांचा आवाज ऐकून वाडीतली सगळी कुत्री शेपट्या घालून ओढ्यापलीकडे गेली, ती नागपंचमीलाच परतली. चुलत्याच्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. देवळाच्या पायरीवर एक आजोबा बसलेले असत, ते चार वर्षांत कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते. ते ताडकन उठले आणि सलाम ठोकून उभे राहिले, ते संध्याकाळी दोघांनी धरून बसवेपर्यंत.

राहीबाई पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली तेव्हा घोंगडीवर सगळे पाहुणे होते, नवरा मुलगा तेवढा नव्हता. मग तिला शिडीवरचे दोन बूट दिसले. वरून आवाज आला,

"दोन कौलं फुटल्यात. पावसाळ्यात ह्या कोपऱ्यात गळतंय का न्हाई?"

"गळतंय," तिचा बाप म्हणाला. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत आपल्याला असा कबुलीजबाब द्यावा लागेल असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बूट खाली उतरले. त्यांनी न्हाणीचा उतार पाहिला, एक तांब्या पाणी ओतून ते कुठून बाहेर जातं ते पाहिलं, मागच्या दाराची कडी तीनदा लावून काढली, आडावरचा रहाट फिरवला. मग हंबीरराव समोर येऊन बसले आणि त्यांनी मुलीला एकुलता एक प्रश्न विचारला.

"घरातनं भाईर पडायच्या वाटा किती?"

"दोन," राहीबाई मान खाली घालूनच म्हणाली. "एक पुढच्या दारानं. आन् तुमी आल्यावर मला घावली ती मागच्या परड्यातनं."

हंबीररावांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पसंत."

"तुमी मला बघितलंच न्हाई," लग्नानंतर ती एकदा म्हणाली होती. त्यावर ते म्हणाले, "ज्या घरातलं न्हानीचं पानी इतकं सरळ भाईर जातंय, तिथली पोरगी काय बघायची?" चौदा वर्षांच्या संसारात राहीबाईच्या वाट्याला आलेली ही एकमेव स्तुती. ती तिनं जपून ठेवली होती.

हंबीररावांचा तरी काय दोष? पलटणीत त्यांच्याकडे बराकींची तपासणी होती. जिथे माणसं उतरायची ती जागा आधी जाऊन बघायची, दारावरच्या पट्टीवरून बोट फिरवायचं, धूळ निघाली की नापास. सत्तर साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शिरवळजवळच्या आपल्या गावी आले. आमच्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, तसं त्यांनाही म्हणू लागलं. गावात बराकी नव्हत्या, म्हणून मेजर जानवसघरं तपासू लागले. एका पुतण्याच्या लग्नात वऱ्हाड शाळेत उतरायचं होतं. शाळेला दार एकच, आग लागली तर कसं, असं म्हणून त्यांनी अख्खं वऱ्हाड हलवून शेजारच्या गुऱ्हाळाच्या मांडवात नेलं. तिथे चारी बाजूंनी वाटा होत्या. त्या चारी वाटांनी मुंगळे आले. नवरदेव बोहल्यावर उभा राहिला तो एका पायावर, दुसऱ्यानं पहिला खाजवत.

असा सगळा आनंद चाललेला असताना चौऱ्याहत्तर सालच्या होळीला लीलाबाई नावाची शेजारीण कोल्हापूरहून परत आली आणि तिनं राहीबाईच्या डोक्यात एक बटण बसवलं.

लीलाबाईचा नवरा रस्त्याच्या कामाचा मुकादम. देवीला गेले तेव्हा तो तिला लॉजमध्ये घेऊन उतरला होता. "काय सांगू राही," लीलाबाई म्हणाली, "खाटंच्या उशाला भितीत एक बटन. ते दाबलं की खाली घंटी वाजती, आन् मानूस चहा घिऊन वर येतंय. आपन खाटंवरच. पाय बी खाली टाकायचा न्हाई."

"आन् चहा कोन करतंय?"

"मला काय म्हाईत? मी इचारलंच न्हाई."

ह्या शेवटच्या वाक्यानं राहीबाईची झोप उडाली. चहा कोणी केला हे माहीत नसताना चहा प्यायचा! लग्न झाल्यापासून कोंबड्याआधी उठून तिनं चूल पेटवली नाही असा दिवस नव्हता. बाळंतपणातही तिसऱ्या दिवशी ती उठून सासूला हळद कुठे आहे ते दाखवायला गेली होती, आणि तिथेच भाकरी थापत बसली होती. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिला एक सकाळ हवी होती. खाटेवर बसून बटण दाबायचं आणि कुणा दुसऱ्यानं केलेला चहा प्यायचा. एकदाच.

तिनं हे नवऱ्याला तसं सांगितलं नाही. बायका सांगत नाहीत. ती म्हणाली, "पोरांना सुट्टीत कुटंतरी शेरात न्यावं."

"पुन्याला जाऊ की. दादा हाय तिथं."

हाच तर धोका होता. पुण्यात दोन दीर. साताऱ्यात बहीण. मुंबईत तर नवऱ्याच्या चुलत्यामालत्यांची एक पूर्ण तुकडी. ह्यातल्या कुठल्याही घरी पाय ठेवला की 'आली बाई राही, तिच्या हातच्या भाकरी खाऊन लय दिस झाले' असं म्हणत सगळे पाटावर बसत. राहीबाईनं रात्रभर मनातल्या मनात एसटीचा सगळा रस्ता धुंडाळला आणि सकाळी म्हणाली,

"सांगलीला जाऊ."

"सांगलीत आपलं कोन हाय?"

"कोन बी न्हाई."

हंबीररावांना हे कारण कळलं नाही, पण थोरली बया, मधला सिद्धू आणि पाच वर्षांचा गुंडा ह्यांनी तेवढ्यात सांगलीच्या बागेत जिवंत सिंह असल्याची बातमी कुठून तरी आणली आणि ठराव पास झाला. मे महिन्यातले तीन दिवस ठरले. मुक्काम लॉजवर.

निघायच्या आदल्या दिवशी राहीबाई शेतावरून आली आणि उंबऱ्यातच थबकली. हंबीरराव सामान बांधत होते. वळकटी, पाण्याची कळशी, पिठाचा डबा, तांदूळ, डाळ, तिखटमिठाचा डबा, रॉकेलची बाटली, सगळ्यांवर उपडी घातलेली परात, आणि मधोमध, गोणपाटात तान्ह्या मुलासारखा गुंडाळलेला पितळी स्टो.

"आवं, हे काय?"

"रसद. पलटन कुटं बी जाऊ दे, रसद संगं पायजे. पोरांच्या पोटाला भाईरचं सोसायचं न्हाई. तू हाईस तर घरचं खातील."

राहीबाईनं स्टोकडे पाहिलं. स्टो गोणपाटातून तिच्याकडे पाहत होता. सवतीनं पाहावं तसा.

पुण्याहून येणाऱ्या सांगली गाडीत शिरवळला त्यांना चार जागा मिळाल्या, पैकी एक स्टोला. साताऱ्यात गुंडानं पेढा खाल्ला, कऱ्हाडात तो बाहेर काढला, आणि दुपारी एकच्या सुमारास मंडळी सांगलीच्या स्टँडवर उतरली. हंबीररावांनी सावलीतला एक बाक ताब्यात घेतला, सामान चौकोनात रचलं, राहीबाईला मध्ये बसवलं आणि सिद्धूला परातीवर पहाऱ्याला.

"हितनं हलायचं न्हाई. मी आधी जागा बघून येतो. बयाचं अक्षर चांगलं हाय, ती लिवायला येईल. आन् गुंडाला बी घेतो."

"त्यो कशाला?"

"मापाला."

म्हणजे काय ते तासाभरानं कळलं. मंडळी परत आली तेव्हा गुंडाचे दोन्ही कान लालभडक होते आणि डोक्याला खोबरेल तेलाचा घमघमाट सुटला होता. पहिल्या लॉजचा जिना फार उभा निघाला होता. दुसऱ्या लॉजची खोली चांगली, खाटा चांगल्या, खिडकी रस्त्यावर. पोराचं डोकं गजांतून जातं का, हे बघण्यासाठी मेजरांनी गुंडाचं डोकं गजांत घातलं. ते गेलं. बाहेर मात्र येईना. गुंडा खाली रस्त्यावरच्या लोकांकडे बघून रडू लागला, लोक वर बघून सल्ले देऊ लागले, एक भडंगवाला गाडी सोडून जिना चढून आला. शेवटी लॉजचे मालक धोंडिराम ह्यांनी स्वतःच्या डोक्याला लावायची तेलाची बाटली अर्धी ओतली तेव्हा पोरगं सुटलं.

"म्हंजी ते नापास," राहीबाई म्हणाली.

"नापास. आता तिसरं बघतो."

तिसऱ्याला मजल्यावर एकच नळ निघाला. चार वाजून गेले. सिद्धू परातीवर बसल्या बसल्या पेंगत होता. चौथ्या लॉजकडे निघण्याआधी हंबीरराव पाणी प्यायला गेले, तेवढ्यात राहीबाईनं बयाच्या हातातली वही ओढली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिन्ही पानांच्या तळाशी एकच ओळ आहे हे कुणालाही दिसलं असतं.

"हे काय लिवलंय गं सारखं सारखं?"

बयानं वाचलं, "शेरा. खोलीत स्टो पेटविण्यास मनाई. नापास."

"तिन्ही ठिकानी?"

"व्हय आई. आबा जिना बघत्यात, नळ बघत्यात, आन् शेवटाला इचारत्यात, स्टो चालंल का? न्हाई म्हनलं की म्हंत्यात, चल."

"आन् बटन? भितीत बटन हाय का कुटं?"

"त्या दुसऱ्या ठिकानी हाय. गुंड्याचं डोकं अडाकलं तवा आबांनी तेच दाबलं. लगीच मानूस पळत आला."

लगेच माणूस पळत आला! राहीबाईनं वही मिटली. गेले तीन तास आपण कशावर बसून आहोत हे तिला आत्ता समजलं. दुसऱ्यांच्या स्वयंपाकापासून शंभरावर मैल लांब येऊन ती स्वतःच्याच स्वयंपाकाच्या राखणीला बसली होती.

पाणी प्यायला गेलेले हंबीरराव अर्ध्या तासानं, परस्पर चौथ्या लॉजची पाहणी उरकून, धापा टाकत आले. चेहरा असा, जणू किल्ला सर झाला.

"गावलं! पाक गच्चीवर खोली हाय. म्होरं पत्र्याची शेड, शेडीत वटा, वट्याशेजारी पानी. मालक म्हनाला, स्टो काय, चूल मांडा! आगं, अगदी आपल्या घरावानी हाय!"

राहीबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. मी बघते."

"मी बघितलंय की."

"तुमी मला बघाया आला तवा माळा सुदीक बघितला. आता मी बघते."

बाकावरच्या शेजाऱ्याला सामान सांभाळायला सांगून पलटण निघाली. गच्चीवर राहीबाई दारात उभी राहिली. तिनं हात वर केला आणि दारावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट तिनं नवऱ्याला दाखवलं. मग बयाला म्हणाली, "लिव."

तिनं नळ सोडून पाणी कुठे जातं ते पाहिलं. ते कुठेच जात नव्हतं, तिथेच राहत होतं. कडी तीनदा लावून पाहिली, तिसऱ्यांदा ती हातात आली. मग तिनं विचारलं,

"भाईर पडायच्या वाटा किती?"

"एक. जिना," हंबीरराव हळूच म्हणाले.

"एक. लिव बया. गुंड्या, हिकडं यं, कठड्यापाशी हुबा ऱ्हा." कठडा गुंडाच्या छातीला लागला. तेल लावून सुटलेला तो जीव, त्यानं लगेच एक पाय वर टाकून दाखवला. राहीबाईनं त्याला धरला आणि नवऱ्याकडे वळली. "उंद्या सकाळी मी स्टोपाशी. तुमी आरशाम्होरं, मिशी कापत. ह्यो हितं कठड्यावर. पहाऱ्याला कोन?"

पलटणीत सतरा वर्षं काढूनही ह्या प्रश्नाला उत्तर नाही हे हंबीररावांना मान्य करावंच लागलं, कारण प्रश्न त्यांच्याच पद्धतीचा होता.

"सांगा की."

"नापास," हंबीरराव म्हणाले.

"आता दुसऱ्या नंबरचं परत बघायचं."

"आगं, तिथं गुंड्याचं डोकं..."

"अडाकलं. अडाकलं म्हंजी पडलं न्हाई. पुरं पोरगं जानार न्हाई त्यातनं, ह्याची चाचनी झाल्याली हाय. दुसऱ्या कुठल्या लॉजात झालीया?"

मेजरांनी बाकावरचं सामान उचलून पलटण दुसऱ्या नंबरच्या लॉजकडे वळवली. धोंडिरामांनी ही मंडळी परत जिन्यात पाहिली आणि आधी तेलाची बाटली गल्ल्याखाली सरकवली. मग हात जोडले. "खोली देतो. पण त्या पोराचं डोकं आतच ठेवा. आन् ते गोणपाटात काय हाय?"

"स्टो," हंबीरराव म्हणाले.

"तो इथं माझ्यापाशी ठेवायचा. जाताना न्यायचा."

हंबीररावांनी स्टो दोन्ही हातांनी पुढे केला. शस्त्रागारात बंदूक जमा करताना करतात तसा. तो गल्ल्याच्या मागे दिसेनासा होईपर्यंत त्यांची नजर हलली नाही. राहीबाई तोवर जिना चढून वर गेलीसुद्धा होती.

त्या संध्याकाळी मुलांनी सिंह पाहिला. सिंह झोपला होता. गुंडानं त्याचं डोकं पिंजऱ्याच्या गजांतून येतं का ते लांबूनच विचारून घेतलं. जेवण खालच्याच खाणावळीत झालं. राहीबाईला वाढप्यानं तिसऱ्यांदा भात विचारला तेव्हा ती ओशाळून उठून त्यालाच वाढायला निघाली होती. हंबीररावांनी तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिला चारलाच जाग आली. ती पडून राहिली. न उठता पडून राहणं ही किती कष्टाची गोष्ट आहे हे तिला त्या दोन तासांत कळलं. सहा वाजले, मुलं उठली, आणि सगळी एका रांगेत खाटेसमोर येऊन बसली. हंबीररावांनी घड्याळ हातात धरलं. राहीबाईनं केस सारखे केले, पदर घेतला, उशी पाठीशी लावली आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

खाली टर्रर्र झालं. सगळ्यांनी ऐकलं. गुंडा टाळ्या वाजवू लागला.

पाच मिनिटं गेली. कोणी आलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टर्रर्र. जिन्यात पाऊल वाजलं, ते दुसऱ्याच मजल्याला वळलं. दहा मिनिटं झाली. राहीबाईनं तिसऱ्यांदा बटणाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

"झोपलं आसंल मानूस," ती म्हणाली. "जाऊ दे. मीच खाली जाऊन..."

"जाग्यावरनं हलायचं न्हाई," हंबीरराव म्हणाले आणि पायांत वहाणा सरकवून खाली गेले.

गेले ते गेलेच. मुलं कंटाळून खिडकीशी गेली, गुंडाला दोघांनी दोन बाजूंनी धरून. चांगली पंचवीस मिनिटं झाली आणि दारावर टकटक झाली. दारात हंबीरराव होते. खांद्यावर टॉवेल, हातात थाळी, थाळीत पाच कप. मिशी एका बाजूनं खाली आली होती आणि दोन बोटं काजळीनं काळी झाली होती.

"बाई," ते खाणावळीतल्या वाढप्याच्या आवाजात म्हणाले, "घंटी आपनच वाजवली का?"

राहीबाईनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं. मग उशीला नीट टेकली.

"व्हय. लय येळ लावला."

"चहा करनारा गावाला गेलाय म्हनं, जत्रंला. मालकानं दुसऱ्याकडनं करून घेतला."

"कुनाकडनं?"

"मला काय म्हाईत? मी इचारलं न्हाई."

तिनं पाय खाली न टाकता कप घेतला. चहा गार होत आला होता, साखर पलटणीच्या मापानं पडली होती, आणि प्रत्येक घोटाला रॉकेलचा वास होता. तिनं तो शेवटपर्यंत प्यायला आणि रिकामा कप थाळीत ठेवून म्हणाली, "बया, वही काढ. लिव, पास."

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती सगळी पुण्याला थोरल्या दिरांकडे गेली. घरात माणसं एकोणीस होती. स्वयंपाक राहीबाईनं केला.